तपासणार कोण?

पौषातला रविवार होता. पडवीत उन्हाची तिरीप आली की आई तिथेच कडवे वाल सोलायला बसते. टॅब चार्ज झालेला असला की आमचा सोहमही तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसतो. सोहम माझा पुतण्या, सातवीत. शाळेने जोडून दिलेल्या ऑनलाइन कोर्समध्ये त्याचा भूगोलाचा पाठ चालला होता, भरती-ओहोटीचा. मी आत चहा गाळत होते, त्यामुळे पाठ मला नुसता ऐकू येत होता. आधी ती ठरलेली टिंगटिंग धून, मग ‘नमस्कार बालमित्रांनो’, मग ‘आज आपण काय शिकणार आहोत’, मग व्हिडिओ, मग प्रश्न. बरोबर उत्तराला टाळ्या वाजतात. टाळ्या दर वेळी वाजल्या. पोरगं हुशार आहे. कप घेऊन बाहेर आले तेव्हा पडद्यावर शेवटची पाटी होती : ‘तुमच्या जवळच्या किनाऱ्यावर आज भरती किती वाजता येईल? घरातल्या मोठ्यांना विचारा.’ उत्तर लिहायला जागा कुठे नव्हती. खाली फक्त ‘पुढे’ होतं. सोहमने ते दाबलं, हिरवी खूण उमटली, ‘छान! पाठ पूर्ण झाला’, आणि तो हवेच्या दाबाकडे वळला.

घरातलं मोठं माणूस त्याच्यापासून हातभर अंतरावर वाल सोलत होतं.

मी तेव्हा काही बोलले नाही. बोलण्यासारखं काही घडलंही नव्हतं. पण ती बिनचौकटीची पाटी दिवसभर डोक्यात राहिली, कारण ती तशी का असते हे मला चांगलं ठाऊक आहे. असले पाठ मी स्वतः लिहिते. दापोली तालुक्यातल्या शाळेत शिकवताना टाळेबंदीच्या काळात हे काम अंगावर आलं आणि मग सुटलंच नाही. काम दिसायला साधं. कागदावर दोन रकाने पाडायचे, डावीकडे ‘दृश्य’, उजवीकडे ‘निवेदन’. उजवीकडे लिहायचं, ‘चंद्र पृथ्वीवरच्या पाण्याला आपल्याकडे ओढतो’; डावीकडे लिहायचं, ‘पृथ्वीचा निळा गोळा, पाणी चंद्राच्या बाजूला फुगते, बाण’. मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्दांच्या वर गेलात की निवेदन करणाऱ्या बाईंना दम लागतो आणि समन्वयकांचा फोन येतो. व्हिडिओ सहा मिनिटांच्या आत. ही सहा मिनिटं कुणाच्या लहरीतून आलेली नाहीत. एडएक्स या परदेशी व्यासपीठावरच्या लाखो वेळच्या बघण्याच्या नोंदी तपासून 2014 मध्ये संशोधकांनी दाखवलं की व्हिडिओ कितीही लांब असो, माणसं साधारण सहा मिनिटांच्या पुढे टिकत नाहीत. ती माणसं कॉलेजची, मोठ्या वयाची होती, पण तेव्हापासून सहा हा आकडा सातवीच्या मुलांनाही लागू झाला. आमच्या सूचनापत्रात तो ठळक अक्षरांत असतो.

या कामात मला मनापासून आवडतो तो भाग म्हणजे चुकीचे पर्याय लिहिणं. बरोबर पर्याय कुणीही लिहील. चुकीचे तीन असे हवेत की मूल त्यांच्यापाशी थबकलं पाहिजे, आणि ते घरी बसून सुचत नाहीत. ‘दिवसातून दोनदा भरती का येते?’ या प्रश्नाखाली मी एक पर्याय दिला होता, ‘दिवसा सूर्यामुळे आणि रात्री चंद्रामुळे’. तो माझा नव्हे. फार वर्षांपूर्वी वर्गात एका मुलाने हात वर करून ते छातीठोकपणे सांगितलं होतं, आणि त्याचं म्हणणं इतकं नेटकं होतं की अर्धा वर्ग त्याच्या बाजूने गेला. सूर्याचाही हात असतो हे त्याने बरोबर ओळखलं होतं; वाटणी तेवढी दिवस-रात्रीची करून टाकली. त्या दिवशी मग माझी तासिका ठरल्यासारखी झालीच नाही. चेंडू, पेरू, कुणाचं तरी टोपण, जे मिळेल ते टेबलावर मांडून आम्ही चंद्र फिरवत बसलो. पडद्यावर तो पर्याय निवडला की लाल चौकट येते आणि दोन ओळी उमटतात. त्या दोन ओळीही मीच लिहिल्या आहेत. बऱ्या आहेत. पण अर्धा वर्ग चुकीच्या बाजूला गेल्यावर जी खडाजंगी होते, ती लाल चौकटीत कुठून येणार?

पाठाला साचा असणं मला खुपत नाही, हे आधी सांगून टाकते. आम्ही डी.एड.ला होतो तेव्हाही साचाच होता. हर्बार्ट नावाचा जर्मन विचारवंत 1841 मध्ये वारला. त्याच्या शिष्यांनी पाठाच्या पाच पायऱ्या पाडल्या आणि त्या पंचपदी म्हणून आमच्या कॉलेजच्या फळ्यापर्यंत आल्या. प्रस्तावना, विषयप्रतिपादन, तुलना, सामान्यीकरण, उपयोजन. सराव पाठाच्या आदल्या रात्री पाठ टाचण लिहायचं, उभ्या रेघा मारून. हेतुकथन एका वाक्यात. फलकलेखन डाव्या कोपऱ्यातून. निरीक्षक मागच्या बाकावर वही उघडून बसत, आणि ते पान उलटतात की नुसतंच लिहितात याकडे आमचं अर्धं लक्ष. प्रस्तावनेला सगळ्यांचा जोर. कुणी गाणं म्हणे, कुणी पिशवीतून शंख काढी. सामान्यीकरणापर्यंत येईतो घड्याळ संपत आलेलं असे, आणि उपयोजन म्हणजे ‘घरी जाऊन करा’. घंटा. त्या पाचव्या पायरीवर मी कुणालाही धड पाय टेकवताना पाहिलं नाही. निरीक्षकही शेरा मारत तो आवाजावर, अक्षरावर, फळ्याच्या मांडणीवर. म्हणून सोहमच्या पडद्यावरची शेवटची पाटी बघून नव्या यंत्राला नावं ठेवायला जीभ उचलत नाही. ती पाटी म्हणजे आमचंच उपयोजन, फक्त घंटेच्या जागी ‘पुढे’ आलंय.

फरक आहे तो वेगळ्या जागी. वर्गात घंटा झाली तरी दुसऱ्या दिवशी तेच मूल, तोच फळा, त्याच बाई. कुणीतरी दारातच सांगे, ‘बाई, मी बघून आलो काल.’ ते टाचणात नसायचं. तरी व्हायचं. ऑनलाइन पाठात मात्र टाचणात नसलेलं काहीच होत नाही. जेवढं लिहिलं तेवढंच घडतं, हिरव्या खुणेसकट.

ही खूण कुठून आली याची मुळं शोधत गेलं की स्किनर भेटतो. हा मानसशास्त्रज्ञ 1953 मध्ये मुलीच्या गणिताच्या वर्गात जाऊन बसला. त्याला दिसलं की सगळी मुलं एकाच वेगाने हाकली जातायत आणि आपलं उत्तर बरोबर की चूक हे कुणाला लगेच कळत नाही. घरी जाऊन त्याने शिकवणारं यंत्र बनवलं. छोटा टप्पा, एक प्रश्न, लगेच निकाल, मग पुढचा टप्पा. आजच्या कोर्सचा सांगाडा बघा, हाडं तीच आहेत. आणि माणूस काही खोटं बोलत नव्हता. माझ्या वर्गात एक मुलगी होती, खाडीपलीकडून येणारी. तिला एकदा सांगून कळायचं नाही आणि दुसऱ्यांदा विचारायचं धाडस व्हायचं नाही. कळलं का, म्हटलं की मान हलवायची. टाळेबंदीत तिच्या घरी गेले तर ही पोरगी अपूर्णांकांचा तोच व्हिडिओ मागे मागे नेऊन पाहत होती, ओठ हलवत. मला बघून तिने पडदा झाकला, चोरी पकडल्यासारखा. पण गणित तिला आलं होतं. मागे नेण्याचं ते बटण वर्गात मी तिला कधीच देऊ शकले नसते. त्यामुळे फळ्याच्या आठवणी काढून गळा काढणाऱ्यांत मला बसवू नका.

त्या वर्षीचं शिक्षण म्हणजे एक विचित्रच प्रकरण. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ येऊन गेलं, माड-पोफळी आडव्या झाल्या, कौलं कुठच्या कुठे, विजेचे खांब वाटेत लोळत होते, आणि ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ हे वाक्य आमच्या मोबाइलवर आलं तेव्हा मोबाइलला रेंज नव्हती. दिवे परत यायला कुठे कुठे महिना लागला. जुलैत सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झालं. मला ती मालिका आवडायची, कारण तिच्यात पुस्तकातलं वाचून दाखवणं नव्हतं. घरातल्या-परसातल्या वस्तू घेऊन कर कर म्हणायचं. टीव्ही बंद झाल्यावरच खरा पाठ चालू होई. पुढच्या वर्षी 1 जुलैपासून 45 दिवसांचा सेतू अभ्यास आला, दिवसाला एक कृतिपत्रिका. त्याबद्दल शिक्षकांनी पुष्कळ कुरकुर केली, मीही केली. पण त्यात ‘दिवस’ नावाची गोष्ट होती, एवढं मान्य करायला हवं. आजचं आज, उद्याचं उद्या.

मूडल ही प्रणाली आमच्या कामात रोज वापरावी लागते. धडा, प्रश्नसंच, चर्चा, गुण, सगळं त्यात भरायचं. ती 2002 मध्ये प्रसिद्ध करणारा मार्टिन डूगियामास ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी मुलखात वाढला. शाळा इतकी लांब की त्याचं प्राथमिक शिक्षण रेडिओवर झालं. तिकडे 1951 मध्ये रेडिओची शाळा सुरू झाली. शिक्षिका एका टोकाला बोले, शेकडो मैलांवरची मुलं ऐकत आणि उत्तरंही देत. हे वाचलं तेव्हापासून मूडल अडून बसलं की मी त्याला जरा कमी शिव्या देते. लांबच्या मुलाचंच काम आहे ते. आमच्याकडेही पावसाळ्यात साकव वाहून गेला की वाडी तुटते.

तर भरती. आमच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायला घड्याळ लागत नाही, पंचांग लागतं. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता. दोन्ही पक्षांत तसंच, पुन्हा एकपासून मोजायचं. त्यानंतर सहा तास आणि वर थोडं, की सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. आईचं शिक्षण चौथीपर्यंत, पण पाऊणकीचा पाढा तिला तोंडपाठ, आणि तिने तो या एकाच कामासाठी वापरला. खडपावर कालवं फोडायला जायचं तर सुकती गाठावी लागते. उशीर झाला की दगड पाण्याखाली आणि परत येताना पाय कापून निघतात. त्या रविवारी संध्याकाळी मी सोहमला एवढंच म्हटलं, की आजीला विचार आज भरती कधी होती. आईने वर न बघता सांगितलं, ‘आज तृतीया. सव्वादोन.’ सोहमने बोटांवर मोजलं, मग टॅबवर गुणाकार केला, मग तिच्याकडे असा काही बघत राहिला की मला हसू आलं. त्याला हिशेब पटला होता. तो आजीला येतो हे पटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तो आणि वाडीतली पोरं परस्पर धक्क्यावर गेली. मी पाठवलं नव्हतं. धक्क्याच्या पायऱ्यांवर शेवाळाची हिरवी रेघ असते, तिच्या खालच्या पायऱ्या मोजायच्या आणि पाणी कुठवर आहे ते बघायचं, असा त्यांनी आपला मार्ग काढला. खडूने खूण करायला गेले तर ओल्या दगडावर खडू उमटेना. मग कोळसा आणला, तोही पुसला गेला. शेवटी होडीच्या रंगाचा डबा कुणाच्या तरी काकांकडून मिळाला आणि पायरीवर एक लालभडक फराटा उमटला. तो अजून आहे. तृतीयेला सव्वादोन तर चतुर्थीला तीन, असं ठरवून ही मंडळी गेली होती, आणि बघतात तो पाणी केव्हाच ओसरायला लागलेलं. सोहम धावत घरी. ‘आजी, तुझं चुकलं! अर्ध्या-पाऊण तासाचा फरक आहे!’ आई म्हणाली, ‘मग? पंचांगवाला काय हर्णैच्या धक्क्यावर बसून लिहितो?’

तिचं बरोबर होतं. पाऊणकीचा हिशेब ढोबळ आहे. प्रत्येक बंदराची भरती आपल्या वेळेने येते, खाडीत आत जावं तशी आणखी उशिरा. मग मुलांनी तिथीचा नाद सोडला आणि काल किती वाजता, आज किती वाजता, एवढंच लिहायला घेतलं. आणि इथे मला खरी गंमत कळली. पुस्तकात आहे, भरती रोज 50 मिनिटं पुढे सरकते. सोहमच्या पाठातही तो प्रश्न होता, त्याने 50 वर बोट ठेवून टाळ्या मिळवल्या होत्या. धक्क्यावर फरक येत होता चाळिसाच्या आसपास. पोरं म्हणाली, आपलं बघणं चुकलं. मी त्यांना सांगितलं की चुकलेलं नाही. 50 ही सरासरी आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात फरक कमी असतो, अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे भरती अगदी लहान, तेव्हा तो तासाच्याही पुढे जातो. आठवडाभर जा, वाढताना दिसेल.

आता समजा, त्या शेवटच्या पाटीवर चौकट असती. सोहमने तीत धक्क्यावर बघितलेली वेळ प्रामाणिकपणे लिहिली असती. लाल झालं असतं.

म्हणजे चौकट न देण्यात पाठ लिहिणाऱ्याचा एक प्रकारे शहाणपणाच होता. यंत्राला तपासता येईल ते आत घ्यायचं, येणार नाही ते सूचनेपुरतं ठेवून ‘पुढे’ म्हणायचं. अंजर्ल्याला उत्तर वेगळं, दाभोळला वेगळं, आजचं वेगळं, उद्याचं वेगळं; कोणतं बरोबर म्हणून भरणार? असं करत करत पाठात उरतं ते सगळीकडे, सगळ्या दिवशी एकच उत्तर असलेलं. कोर्सच्या मांडणीवर एवढी चर्चा होते, व्हिडिओ किती मिनिटांचा, प्रश्न आधी की नंतर, तारे द्यायचे की बिल्ले, पण पाठाने मुलाला थांबवायचं कुठे यावर मी बैठकीत कुणाला तोंड उघडताना पाहिलं नाही. भरती सहा मिनिटांत सांगता येते, पण बघायला दोन दिवस लागतात. त्या दोन दिवसांची सोय साच्यात नाही. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की एका बैठकीत घोटण्यापेक्षा मध्ये दिवस सोडून केलेलं जास्त टिकतं. हे बी.एड.च्या पेपरात येतं, गुण मिळतात, आणि मग सगळे मिळून एका बैठकीत संपणारा पाठ बनवतात.

हल्ली माझ्याकडे वाऱ्यांचा पाठ आहे. खारे वारे, म्हणजे दिवसा समुद्राकडून येणारे, आणि मतलई वारे, म्हणजे रात्री जमिनीकडून समुद्राकडे जाणारे. इथल्या माणसाला हे शिकवायचं म्हणजे खरं तर अवघडच, कारण त्याच्या अंगाला ते लहानपणापासून ठाऊक असतं. शिडाच्या होड्या होत्या तेव्हा पहाटेच्या मतलईवर बाहेर पडायचं आणि दुपारनंतरच्या खाऱ्यावर परत यायचं, असा सगळा धंदाच त्या दोन वाऱ्यांवर बांधलेला. मी स्क्रिप्टमध्ये पाठाचे दोन भाग केले आणि मध्ये लिहिलं : ‘पुढचा भाग उद्या उघडेल. तोवर सकाळी उठल्याबरोबर आणि दुपारी चारच्या सुमाराला घराबाहेर उभं राहून वारा कुठून येतो ते बघा आणि खाली लिहा.’ चौकट मोठी ठेवली. समन्वयकांचा फोन आलाच. भला माणूस आहे, पण त्यालाही वर आकडे दाखवावे लागतात.

‘मॅडम, कुलूप लावलं की मुलं परत येत नाहीत. पाठ अर्धवट दिसतो.’

‘दिसू दे.’

‘आणि या चौकटीत कोण काय लिहील सांगता येत नाही. तपासणार कोण?’

मी म्हटलं, सध्या आपल्याच तालुक्यातल्या चार शाळांना पाठवा, मी वाचते. तो बराच वेळ हं हं करत राहिला आणि मग कुलपाऐवजी ‘उद्या आलात तर बरं’ असं बटण ठेवायचं ठरलं, म्हणजे घाई असलेल्याला लगेच पुढे जाता येईल. ही तडजोड मला अजून पटलेली नाही. सोहमसारखी मुलं ते बटण पहिल्या सेकंदाला दाबणार.

दाबलंच बऱ्याच जणांनी. पण चौकटी काही अगदीच कोऱ्या आल्या नाहीत. दोन मुलांनी एकमेकांचं उतरवून काढलंय, ‘समुद्राकडुन’ मधला डु दोघांचाही ऱ्हस्व. एकीने लिहिलंय की सकाळी वारा नव्हताच, धूर सरळ वर जात होता. एकाने वाऱ्याबद्दल अवाक्षर न लिहिता आजोबांना गलबतावर केव्हा केव्हा उलटी झाली होती ते सविस्तर कळवलंय. डोंगराला लागून असलेल्या वाडीतल्या एकाचं वाचून मी मात्र अडले. तो म्हणतो, आमच्याकडे दुपारी वारा समुद्रावरून येतो हे ठीक, पण संध्याकाळी तो घळीतून खाली येतो आणि पुस्तकात बाण एकच दाखवलाय. त्याला काय लिहायचं हे ठरवायला मला त्याच्या वाडीत एकदा संध्याकाळी जाऊन उभं राहावं लागणार. शनिवारची एसटी साडेतीनला आहे, परतीचं विचारून ठेवायला हवं.